कडक झालेली चावी: स्क्रू-डाऊन क्राऊन घरच्या घरी कसा सोडवावा

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भाचा दारात उभा. आदल्या दिवशी इंदूरच्या राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, बघायला गेला होता. ‘बघायला’ हे आपलं म्हणायचं, तिथून कोरडं कोण परत येतं? अंगावरचा रंग तीन अंघोळींत बराचसा उतरला होता, घड्याळाच्या चावीतला, म्हणजे कडेला फिरवायचं बोंड असतं त्यातला, उतरला नव्हता. घड्याळ कॅसिओ ड्यूरो, २०० मीटरचं. आत पाण्याचा थेंब गेलेला नाही, सेकंदकाटा टिकटिक चालू, पण चावी जागची हलेना. तारीख फेब्रुवारी संपल्यापासून चुकलेलीच होती. ती दुरुस्त करायचं त्याला नेमकं त्याच दिवशी सुचलं.

“मावशी, तुझ्याकडे पक्कड आहे ना?”

पक्कड आहे. मी दिली नाही. काही वर्षांपूर्वी एका जुन्या सेको डायव्हर घड्याळावर मी तीच पक्कड चालवली होती. चावी सुटली, पण एकटी सुटली नाही. केसमध्ये, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचात, बसवलेली नळी आणि मोडलेल्या दांड्याचा तुकडा, असा सगळा संसार बरोबर घेऊन बाहेर आली. राजवाड्यामागच्या गल्लीत माझे एक घड्याळवाले आहेत. त्यांनी तो ऐवज तळहातावर घेऊन पाहिला आणि एवढंच म्हणाले, “दीदी, चाबी से कुश्ती नहीं लड़ते.” त्यानंतर त्यांच्या काउंटरशी उभं राहून जे पाहिलं, विचारलं आणि घरी स्वस्तातल्या घड्याळांवर करून बघितलं, ते इथे लिहिते आहे.

आधी आत काय असतं ते

आमच्या बाबांकडे एचएमटी जनता होतं. रोज सकाळी दाढी झाली की किल्ली द्यायची, वेळ लावायची तर चावी बाहेर ओढायची, झाली की दाबायची. त्या चावीला आटे नव्हते. पाण्यापासून ते घड्याळ सांभाळायचं म्हणजे हात धुताना काढून ठेवायचं.

स्क्रू-डाऊन क्राऊनमध्ये चावी ही एक छोटी टोपी असते आणि तिला आतून आटे असतात. केसमधून एक बारीक नळी बाहेर आलेली असते, तिला बाहेरून आटे. बाटलीवर बूच फिरवावं तशी चावी या नळीवर फिरून बसते आणि रबरी वॉशर दाबला जातो. नळीच्या पोटातून एक सुईसारखा दांडा मशीनपर्यंत जातो, तोच स्टेम. चावी आणि स्टेम यांच्यामध्ये एक इवलीशी स्प्रिंग असते. म्हणून आटे सुटले की चावी स्वतःच टुणकन जराशी बाहेर येते. ही उडी लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग आहे.

रोलेक्सने १९२६ मध्ये ऑयस्टर घड्याळ आणलं तेव्हापासून ही रचना प्रसिद्ध झाली. पुढल्याच वर्षी मर्सिडीज ग्लाइट्झ ही पोहणारी बाई ते गळ्यात बांधून इंग्लिश खाडीत उतरली. थंडीमुळे तिला पोहणं अर्धवट सोडावं लागलं, पण घड्याळ चालू राहिलं आणि कंपनीने त्याची पानभर जाहिरात केली. जाहिरातीत न आलेली गोष्ट मला जास्त आवडते. ज्या मूळ पेटंटवरून ही चावी आली, त्यात चावी आणि दांडा एकमेकांना कायमचे जोडलेले होते. चावी आवळताना घड्याळाला किल्लीही बसत जायची. किल्ली आधीच पूर्ण भरलेली असेल तर चावी आवळणार कशी? मग मधे क्लच, म्हणजे आवळताना चावीला दांड्यापासून सोडवणारी सोय, घालावा लागला. म्हणजे ‘चावी नीट बसत नाही’ ही तक्रार या रचनेइतकीच जुनी आहे.

कडक लागते म्हणजे नेमकी कधी?

घड्याळवाले गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न हाच विचारतात, आणि अर्धं निदान त्यातच होतं.

बंद चावी उघडतानाच अडते आणि एकदा सुटली की पुढे सुरळीत फिरते, असं असेल तर बहुधा मळ. घाम, साबण, सनस्क्रीन, धूळ. आपल्याकडे यात गुलालाची भर. बराचसा गुलाल मक्याच्या पिठाचा असतो. त्यात घाम आणि पाणी मिसळलं की लगदा होतो, आणि तो वाळला की फटीत घट्ट बसतो. ओंकारेश्वरला किंवा महेश्वरच्या घाटावर हातात घड्याळ ठेवून डुबकी मारणाऱ्यांच्या चावीत बारीक वाळू निघते. तिची तऱ्हा वेगळी, ती चिकटत नाही, करकरते.

उघडते सहज, पण बंद करताना पहिल्या अर्ध्या फेऱ्यातच घट्ट होते आणि एका बाजूने तिरकी दिसते? मग आटा चुकीच्या आट्यात घुसला आहे. इथे जोर लावलात तर पुढचा खर्च तुमचा.

पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखीच जड, कोरडी, रबर घासल्यासारखी फिरत असेल तर वॉशर सुकला आहे. चावी आत दाबायलाच फार ताकद लागते आणि आटे पकडतच नाहीत, तर अलीकडे कुणी दुरुस्ती केली होती का ते आठवा. नवा स्टेम घालताना तो लांबीला कापावा लागतो. तो केसभर लांब राहिला तरी चावी नळीपर्यंत पोचत नाही. जाड वॉशर घातला तरी हेच होतं. हा दोष घरी निघणार नाही, ज्याने स्टेम घातला त्याच्याकडेच परत जा.

चावीबरोबर नळीही फिरताना दिसली तर तिथेच हात काढा.

आणि चावी सुटल्यावर किल्ली देताना जड लागत असेल तर दोष आट्यांत नाहीच, मशीनमध्ये आहे. तो विषय वेगळा. फक्त एक गोष्ट आधी बघून घ्या: काही मशीनना हाताने किल्ली देण्याची सोयच नसते. सेकोचं ७एस२६ तसंच. त्यात चावी सुटल्यावर, बाहेर न ओढता, फिरवली तर काहीच होत नाही आणि लोक उगाच घाबरतात.

काय काय लागेल

लाकडी दातकोरण्या, जुना पण स्वच्छ मऊ टूथब्रश, रबरी फुगा असलेला ब्लोअर, घड्याळवाले डोळ्याला लावतात ती भिंगाची आयग्लास, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचा रुपयाएवढा तुकडा. कानात घालायच्या कापसाच्या काड्या नकोत, त्यांचे तंतू आट्यांत अडकून बसतात.

शिवाय सिलिकॉन ग्रीसची छोटी डबी. घड्याळाच्या सामानाच्या दुकानातूनच घ्या. महाराणी रोडवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ‘सिलिकॉन ग्रीस’ मागितलं तर पांढरी हीट सिंक पेस्ट हातात पडण्याची चांगलीच शक्यता आहे. तिच्यात बारीक भुकटी मिसळलेली असते आणि ती उष्णता वाहून नेण्यासाठी असते, वॉशरला तिचा काही उपयोग नाही. मी एकदा आणली होती. पुढे ती कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या शेजाऱ्याला देऊन टाकली.

उघडणं

घड्याळ हातातून काढा. मनगटावर असताना चावी उघडायची सवय पुष्कळांना असते. त्यात बोट तिरकं पडतं, दांड्यावर आडवा ताण येतो, आणि आटे तिरके घुसण्याची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते. टेबलावर मऊ पंचा अंथरा, वर पंखा असेल तर तो बंद करा.

आता दिशा. ‘घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने’ असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण घड्याळच हातात असलं की कुणाचं काय उलट ते सुचत नाही. सोपं सांगते. डायल वर, १२ तुमच्यापासून लांब, ६ तुमच्याकडे, चावी उजवीकडे. अंगठा चावीच्या वरच्या बाजूला आणि तर्जनी खाली. अंगठा स्वतःकडे ओढला की चावी उघडते, १२ कडे ढकलला की बंद होते.

पहिला प्रयत्न कोरड्या बोटांनी. चावी आधी हलकेच आत दाबा आणि दाबलेली असतानाच फिरवा. हे उलटं वाटेल, पण आतली स्प्रिंग चावीला सतत बाहेर ढकलत असते आणि तो सगळा ताण आट्यांवर येतो. दाबलं की तो कमी होतो. नुसत्या या एका गोष्टीने सुटलेल्या चाव्या मी पाहिल्या आहेत.

नाही सुटली तर ट्यूबचा तुकडा चावीवर ठेवून पकडा. रबरामुळे पकड वाढते, शिवाय बोट घसरायला लागलं की समजतं की आता जोर जास्त होतो आहे. पक्कड वापरली तर ही शेवटची सूचना मिळत नाही, ती पुढे जातच राहते.

तरीही हलली नाही तर भिजवायचं. घड्याळ साबणाच्या पाण्यात बुडवा असा सल्ला सर्रास मिळतो. मी तो देणार नाही. चावी कडक आहे म्हणजे वॉशरची अवस्था काय असेल ते माहीत नाही, आणि वॉशर गेलेला असेल तर २०० मीटर हा आकडा फक्त डायलवर उरतो. जुन्या सुती साडीची किंवा धोतराची बोटभर पट्टी घ्या. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विड साबणाचा एक थेंब टाका, पट्टी त्यात बुडवून चांगली पिळा आणि चावीभोवती गुंडाळा. घड्याळ असं ठेवा की चावी खाली लोंबेल. वाटीच्या काठावर टेकवलं की जमतं. चावी खाली असल्यामुळे विरघळलेला मळ खाली येतो, आत जात नाही. अर्धा तास तसंच राहू द्या. पट्टी काढा, टूथब्रशने चावीच्या कडेची फट घासा, कोरडी करा, मग पुन्हा दाबून फिरवा. हलली नाही तर आधी किंचित आवळण्याच्या दिशेने आणि मग उघडण्याच्या दिशेने, असं पुढेमागे करत बघा. भाच्याची चावी दुसऱ्या भिजवणीनंतर सुटली. पट्टी गुलाबी झाली होती.

ज्या गोष्टींच्या वाटेला जाऊ नये त्या इथेच सांगते, कारण चावी अडली की माणूस याच टप्प्यावर वेडंवाकडं करायला लागतो. गंज काढायचा स्प्रे मारू नका. तो पातळ असतो, वॉशरच्या कडेने आत सरकतो आणि डायलवर, मशीनवर पसरतो. शिवाय काही रबरं त्याने फुगतात. लायटर, मेणबत्ती, गरम इस्त्रीजवळ धरणं, यातलं काही नको. रबर, बॅटरी आणि काट्यांवरचा चमकणारा रंग यांपैकी कुणालाच ते मानवत नाही. खोबरेल तेलही नको. ते आज सोडवेल आणि थंडीत थिजून पुन्हा अडवेल.

दोन-तीनदा भिजवूनही चावी हलली नाही, तर घड्याळ दुरुस्तीला द्या. आणि हे काम त्यांनाही सोपं नसतं हे लक्षात असू द्या. एरवी ते मागचं झाकण उघडून एक छोटा खटका दाबतात आणि स्टेम ओढून काढतात. इथे चावीच नळीला जखडलेली, तेव्हा स्टेम ओढायचा कसा? मग चावी कापावी लागते. त्यांनी नव्या चावीचे आणि नळीचे पैसे सांगितले तर ते फसवताहेत असं समजू नका.

साफ करणं

चावी सुटली. उडी मारली का? मारली तर स्प्रिंग जिवंत आहे. सुटूनही तशीच चिकटून राहिली तर स्प्रिंगच्या घरात मळ आहे किंवा स्प्रिंग थकली आहे. तसं असेल तर बंद करताना तीच स्प्रिंग पुन्हा त्रास देणार.

चावी सगळ्यात बाहेरच्या खाचेत ओढा, वेळ लावायची ती खाच. तेवढं बाहेर आलं की नळीचे आटे दिसायला लागतात. क्वार्ट्झ घड्याळ यावेळी थांबेल, थांबू द्या. आयग्लास लावून पाहा. स्वच्छ आटे म्हणजे चकचकीत समांतर रेषा. मळ असेल तर त्या रेषांमध्ये काळी-करडी पेस्ट दिसते. भाच्याच्या घड्याळात गुलाबी आणि हिरवी दोन्ही होती.

दातकोरणीचं टोक जरासं चावून ब्रशसारखं करा आणि नळीच्या आट्यांवरून गोल फिरवा. चावी अजूनही खालच्या बाजूलाच ठेवायची, म्हणजे सुटलेली घाण मशीनकडे जाणार नाही. मग ब्लोअरची दोन-तीन फुंकरं. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा अंश जातोच. पुन्हा नवी दातकोरणी. टोक स्वच्छ निघेपर्यंत हे चालू ठेवायचं. मला सहा लागल्या.

दातकोरणीच्या टोकावर मळाऐवजी चंदेरी चमक दिसली तर थांबा. ती धातूची कीस आहे. स्टीलवर स्टील कोरडं घासलं की एकमेकांना ओरबाडतं आणि चिकटतं, टायटॅनियमचं तर याबाबत आणखीच वाईट. आटे खायला सुरुवात झाली की मळ काढून ती थांबत नाही. चावी आणि नळी जोडीने बदलायची. नुसती चावी बदलली तर जुनी नळी नव्या चावीचे आटे खाते.

चावीच्या आतले आटे मात्र स्टेम न काढता पूर्ण साफ होत नाहीत, दातकोरणी तिरकी करून कडेचाच भाग पुसता येतो. स्टेम काढायचा का? ज्यांनी मागचं झाकण आधी उघडलं आहे, ज्यांच्याकडे ते उघडायचं हत्यार आहे, आणि ज्यांनी आपल्या मशीनचं माहितीपत्रक वाचलंय त्यांनी काढावा. तो खटका कुठे आहे आणि चावी कुठल्या खाचेत असताना दाबायचा, हे मशीनगणिक बदलतं. चुकीच्या खाचेत दाबलं किंवा जास्त दाबलं तर आतले दोन-तीन बारीक भाग जागचे सरकतात आणि मग डायल, काटे सगळं उतरवावं लागतं. मी भाच्याच्या घड्याळाचं झाकण उघडलं नाही. बाहेरून काम भागत असेल तर पाठ उघडायचीच कशाला, पाठीमागेही एक वॉशर असतो आणि तोही उठल्यावर नीट बसवावा लागतो.

वॉशर आणि ग्रीस

चावीच्या पोटात, किंवा काही घड्याळांत नळीवर, काळी रबरी कडी दिसेल. ती गोल, मऊ आणि किंचित चकाकती हवी. चपटी झालेली, चिरा पडलेली किंवा राखाडी दिसणारी असेल तर बदलायची. नळीवरची कडी घड्याळवाला मापाने बदलून देतो. सियागंजात ओ-रिंगचे ढीग मिळतात, पण ते नळाच्या आणि पंपाच्या मापाचे, त्यांच्या नादी लागू नका. चावीच्या आतली कडी पुष्कळदा बदलता येत नाही, मग पूर्ण चावीच नवी घालायची. फार महाग घड्याळ नसेल तर हाच सरळ मार्ग.

कडी चांगली असेल तर तिला ग्रीस. किती? मोहरीचा दाणा घ्या, त्याचे चार भाग करा, त्यातला एक. दातकोरणीच्या टोकाने कडीवर लावा आणि चावी दोन-तीनदा आत-बाहेर करा, पसरतं. आट्यांवर वेगळं ग्रीस चोपडू नका. कडीवरचं थोडंसं आपोआप तिथे जातं आणि तेवढं पुरतं. आट्यांवर ग्रीसचा लेप दिला की तो धूळ धरतो, आणि इंदूरमध्ये रस्ते कितीही झाडले तरी मे महिन्यात धूळ कुठे कमी असते? व्हॅसलीन लावू नका. तेही धूळ धरतं आणि काही प्रकारच्या रबराला फुगवतं.

बंद करणं, म्हणजे खरं काम

चावी खराब होते ती बहुतेक वेळा उघडताना नाही, बंद करताना. उघडताना आटे आपल्या जागी असतात, तुम्ही फक्त त्यांना सोडवता. बंद करताना तुम्ही त्यांना जागा दाखवत असता, आणि चुकीची जागा दाखवली तरी ते ऐकतात.

आधी वेळ आणि तारीख लावून घ्या. तारीख रात्री ९ ते पहाटे ३ या वेळात चावीने बदलू नका, तेव्हा मशीन स्वतःच तारीख उलटण्याच्या तयारीत असतं. काटे ६ च्या आसपास आणा, तारीख बदला, मग खरी वेळ लावा. चावी सगळ्यात आतल्या खाचेत परत दाबा.

आता घरात लोणच्याची बरणी कुणी नीट लावतं ते आठवा. आमची आजी झाकण ठेवायची, आधी उलटं थोडं फिरवायची, ‘टक्’ झालं की मग सुलटं. झाकणाचा आटा बरणीच्या आट्याच्या तोंडाशी येऊन खाली बसतो, त्याचा तो आवाज. चावीचं अगदी तसंच. हलकेच आत दाबा, जेमतेम नळीला टेकेल एवढंच, आणि उघडण्याच्या दिशेने म्हणजे स्वतःकडे, सावकाश फिरवा. एका फेऱ्याच्या आत कुठेतरी बोटाला अगदी बारीक ठोका जाणवतो, चावी केसभर खाली उतरते. तिथेच थांबा. दाब तसाच ठेवून आता १२ कडे फिरवा. बरोबर लागली असेल तर पहिला फेरा लोण्यासारखा जातो. नाही गेला तर लगेच मागे फिरवा आणि पुन्हा ठोका शोधा. ‘थोडा जोर लावला की बसेल’ असं मनात आलं की समजायचं, ती तिरकी आहे.

हा ठोका ओळखायला वेळ लागतो. घरात एखादी स्टीलच्या आट्यांची छोटी डबी असेल तर डोळे मिटून तिच्यावर दहा वेळा करून बघा. मी हसण्यावारी नेलं होतं, पण घड्याळवाल्यांकडचा पोरगा असाच शिकत होता, रिकाम्या केसवर चावी लाव, काढ, लाव, काढ.

स्वयंचलित घड्याळात आवळताना मशीनला किल्ली बसल्याचा बारीक आवाज येतो आणि हाताला किंचित जड लागतं. ते ठीक आहे. अशा घड्याळात किल्ली भरली की मुख्य स्प्रिंग आतल्या आत घसरते, तुटत नाही.

किती आवळायची? अंगठा आणि तर्जनी यांच्या नुसत्या टोकांनी, चावी आपण होऊन थांबेपर्यंत. पुढचा तो ‘एक अजून’ नको. पाणी अडवतो तो दाबलेला वॉशर, आटे नाहीत. जास्त आवळलं तर वॉशर चपटा होतो, आणि पुढच्या वेळी चावी कडक लागते ती यामुळेच.

बसल्यावर आयग्लासने चावी आणि केस यांच्यामधली फट चहूबाजूंनी बघा. सगळीकडे सारखी हवी. एका बाजूला जास्त असेल तर उघडा आणि पुन्हा लावा.

त्यानंतर

लगेच पाण्यात नेऊ नका. ज्या घड्याळवाल्याकडे हवेच्या दाबाचं टेस्टिंग मशीन आहे त्याच्याकडून कोरडी तपासणी करून घ्या. त्यात घड्याळ ओलं न करता हवेचा दाब देतात आणि केस किती हलते ते मोजतात. मशीन नसलेले जुने लोक दुसरी परीक्षा घेतात: घड्याळ ४० ते ४५ अंशांपर्यंत गरम करायचं, काचेवर थंड पाण्याचा थेंब ठेवायचा, मिनिटभराने पुसायचा. काचेच्या आतून धुकं दिसलं तर आत ओल आहे. घरी तव्यावर हा प्रयोग करू नका, ४५ अंश हाताने कळत नाहीत.

भाच्याची चावी वर्षातून पाचदा उघडायची असं ठरलं आहे. तारीख बदलायची वेळ आली की तेव्हाच, म्हणजे ३० दिवसांचा महिना संपला की, आणि अर्थात फेब्रुवारीनंतर. वर्षभर न उघडलेली चावी मळ धरते. रोज उगाच उघडणाऱ्यांचे आटे झिजतात. पोहून आलं, समुद्रावरून आलं की चावी बंद ठेवूनच गोड्या पाण्याने धुवायचं. आणि घड्याळ ओलं असताना चावी उघडायची नाही, फटीतलं पाणी सरळ नळीत जातं. आधी पुसा, पंधरा मिनिटं चावी खाली करून ठेवा.

पुढल्या रंगपंचमीला तो घड्याळ घालून जाणारच आहे, ते मला माहीत आहे. निघण्याआधी चावी आवळलेली आहे ना ते बघ, एवढं सांगून ठेवलंय. आणि ओला गुलाल वाळायच्या आत, त्याच संध्याकाळी, नळाखाली टूथब्रश फिरवायचा.